नॉर्मनचा पाय

जॅनिसने भर कार्यक्रमात नॉर्मनचा पाय दोन्ही हातांनी वर उचलला, तेव्हा कुठे ती धून संपली. पण गावाच्या लेखी असं काही घडलंच नाही. थॉर्नबेक गावात कुणालाही विचारा, लोक म्हणतील बँड छान वाजला, चहा जरा कडक होता. तेव्हा आपणही तो पाय जागचा हललाच नाही असं धरून चालू.

यॉर्कशरमधल्या या गावात ऑगस्टात भाजीपाल्याचं प्रदर्शन भरतं आणि तंबूच्या टोकाला, कांद्यांच्या टेबलाशेजारी, ‘डस्टी होलो बॉईज’ वाजवतात. बॉईज म्हणजे फिडलवाला (फिडल म्हणजे व्हायोलिनच) नॉर्मन, गिटारवाला कीथ आणि बँजोवाली जॅनिस. अमेरिका तिघांपैकी कुणीच पाहिलेली नाही. पण केंटकीच्या डोंगरातलं शंभर वर्षांपूर्वीचं संगीत नॉर्मन ज्या सोवळ्याने वाजवतो, तेवढं सोवळं केंटकीतही कुणी पाळत नसेल.

जॅनिसला गायचं होतं. बँडमध्ये आल्यापासून गायचं होतं.

“ती गाणी दुःखाची आहेत, बाई,” नॉर्मन म्हणायचा. “तू हॅरोगेटसारख्या श्रीमंत गावची. तुला दुःख कसलं?”

“तुमच्याबरोबर वाजवते ना.”

यंदा नॉर्मनच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्याला इकडून तिकडे न्यायचं काम जॅनिसच्या गाडीवर आलं. तेव्हा त्याला पाझर फुटला. आधी एक धून, मग जॅनिसचं गाणं, मग चार वाजता सर्वांत जड कांद्याच्या स्पर्धेचा निकाल, असं ठरलं. जॅनिसची आई पहिल्या रांगेत पर्स मांडीवर घेऊन बसली होती. आईचा उजवा कान गेला होता आणि डावा जायच्या वाटेवर होता. “ऐकू येतंय तोवर गाऊन घे, जॅनी,” असं ती सकाळीच म्हणाली होती, आणि तेही जरा ओरडूनच.

धून सुरू झाली. ही जुनी धून गोल फिरते, संपली की पुन्हा पहिल्यापासून. थांबायचं कधी, हे म्होरक्या ठरवतो. तो वाजवता वाजवता पाय वर उचलतो. पाय वर गेला की एक शेवटची फेरी आणि मग सगळे एकदम गप्प. तोंडाने सांगणं नॉर्मनला चालत नाही. त्याच्या मते तोंडाने सांगायला लागले तिथूनच या संगीताची वाट लागली.

आणि नॉर्मनचा पाय कमरेपासून घोट्यापर्यंत पट्ट्यांत जखडून समोरच्या स्टुलावर ओंडक्यासारखा पडलेला होता.

हे तिघांनाही वाजवताना लक्षात आलं. नॉर्मनने पायाकडे बघितलं. पाय हलला नाही. त्याने भुवया उचलल्या. कीथला वाटलं, वेग वाढवायला सांगतोय. त्याने वाढवला.

“दुसरा पाय उचला ना,” जॅनिस दातांतल्या दातांत म्हणाली.

“दुसऱ्याने ताल धरलाय,” नॉर्मन म्हणाला. “आणि बोलू नकोस.”

जॅनिसने वाजवणं थांबवून पाहिलं. दोघं तिच्याकडे असं बघायला लागले, जसं काही ती प्रार्थना चालू असताना सँडविच खातेय. तिने पुन्हा सुरुवात केली.

समोरचे लोक उठून गेले नाहीत. थॉर्नबेकमध्ये चालू धुनेतून कुणी उठत नाही. उलट तिसऱ्या रांगेत कुजबुज झाली, की हे चर्चच्या छपराच्या दुरुस्तीला पैसे जमवण्यासाठी चाललंय, न थांबता वाजवण्याचा विक्रम आहे. मग टाळ्या वाढल्या. एका बाईंनी कीथला वाजवता वाजवता चहा पाजला. नॉर्मनच्या तोंडात बिस्किट धरलं. आता थांबणं म्हणजे छपराशी बेइमानी.

जॅनिसने घड्याळाकडे बघितलं. चार वाजत आले होते. मग आईकडे. आई डाव्या कानामागे तळहात धरून बसली होती, गाणं आता येईल, मग येईल म्हणून.

जॅनिसने बँजो खाली ठेवला, नॉर्मनसमोर गुडघे टेकले आणि जे घडलंच नाही ते केलं.

नॉर्मनची किंकाळी अगदी तालात बसली. कीथने पाय बघितला आणि सुटल्यासारखी मान डोलावली. पण नियम म्हणजे नियम, शेवटची फेरी व्हायलाच हवी. ती पूर्ण होईपर्यंत जॅनिस पाय धरून राहिली.

“खाली सोड,” नॉर्मन म्हणाला.

“बोलू नका,” जॅनिस म्हणाली.

धून संपली. टाळ्या पडल्या. त्या ओसरायच्या आत समितीच्या मिसेस पिकर्सगिल भोंगा घेऊन कांद्यांच्या टेबलापाशी उभ्या राहिल्या. चार वाजले होते. त्यांच्या आईच्या काळापासून निकाल चारला लागत आला आहे, एकदा तर तंबूला आग लागलेली असतानाही लागला. सगळी माणसं खुर्च्या ओढत तिकडे निघाली. भोंग्यातून स्पर्धकांची नावं सुरू झाली. त्या गलक्यात डाव्या कानाचं काही खरं नव्हतं. आई मात्र जागची हलली नव्हती, हातही कानामागून काढला नव्हता.

जॅनिस माइकसमोर गेली. घसा साफ केला. एवढी वर्षं सगळ्यांशी नीट वागल्यामुळे तिला आता ओरडताही येईना. तेव्हा जी येत होती त्या अर्जाच्या भाषेत ती बोलली.

“प्रदर्शन समितीस नम्र विनंती करण्यात येते की, कांदा हा टिकाऊ पदार्थ असल्याने, सर्वांत जड कांद्याचा निकाल एका गाण्यापुरता तहकूब करण्यात यावा.”