एकात एक पाच

कुडाळच्या फ्लॅटमधलं आमचं स्वयंपाकघर एवढंसं, म्हणून मी एकात एक बसणारी पाच भांडी घेतली. दुकानदाराने ती एकमेकांत घालून दाखवली तेव्हा मी टाळीच वाजवली. कट्टा या आमच्या गावाहून राहायला आलेल्या आईला मी आधीच बजावलं होतं, "तुझे मोठे टोप घराकच ऱ्हवांदेत. हय जागा नाय."

आठवड्यात ओट्यावर चहाचा कप टेकायला जागा उरली नाही. सगळ्यात मोठ्या भांड्यात कालचं बांगड्याचं तिखलं, कारण मला ते दुसऱ्या दिवशी मुरलेलंच लागतं. शेजारी माझी सकाळची पेज, भिजलेले काळे वाटाणे, सोलकढी. आणि पाचव्यात, मी संपवायचं कबूल केलेलं परवाचं सुकटीचं कालवण.

मी आईवरच वैतागलो. "आये, ही भांडी एकात एक बसतत, म्हणान घेतलंय मी!"

"बसतत रे," आई वाटाणे निथळवत म्हणाली. "दुकानात ती रिकामी होती. तुझा तिखला वतून टाकू काय?"

मी पाचही भांड्यांत डोकावून पाहिलं; आजचं जेवण रांधायला एकही रिकामं नव्हतं.



रविवारी कट्ट्याला जातोय. आईचे टोप आणायला.