दिझीन की शेमशक

स्कीवर वीस-पंचवीस मीटर घसरत गेल्यावर कयूमर्स थांबले आणि सरळ बर्फात बसले. पुढे उभी असलेली त्यांची मुलगी सामीन धापा टाकत वर चढून आली. बाबांच्या नारिंगी जाकिटावर सामीनच्या आईने मोठ्या अक्षरांत 'अंध' असे शिवून दिले होते. त्यामुळे दिझीनच्या उतारावरचे बाकीचे लोक दोघांना लांबून वळसा घालून खाली जात होते.

"लागलं का, बाबा?"

"पडलो कुठे? बसलोय."

"मग उठा. अजून सुरुवातही नाही झाली."

"सुरुवात झाली की संपलं, तेच तर कळेना मला," कयूमर्स म्हणाले.

हा एक दिवस मिळवण्यासाठी सामीनने चार महिने आईची समजूत घातली होती. बाबांची दृष्टी जाऊन दोन वर्षे झाली होती आणि आईची अट स्पष्ट होती. एकदा जाऊन या. जमले नाही तर स्की मामाकडे कराजला जातील आणि या घरात पुन्हा बर्फाचे नाव निघणार नाही. कयूमर्सनी ती अट मान्य केली होती. दिलेला शब्द ते पाळत. सामीनला भीती होती ती त्याचीच.

जागा तिने निवडली होती. तेहरानमध्ये स्कीचे सामान भाड्याने देणाऱ्या दुकानात ती नऊ वर्षे गिऱ्हाइकांना हाच सल्ला देत आली होती, आणि तिच्या सल्ल्यावर नाराज होऊन कोणी परत आल्याचे तिला आठवत नव्हते. मुलाबाळांसह येणारे, नवखे, गुडघे जपणारे, निवांत लांबवर घसरत जायला आवडणारे, हे सगळे दिझीनला. तिथले उतार उंचावरचे, रुंद, यंत्राने सपाट केलेले. अंग मोडून निघाल्याशिवाय ज्यांना सुट्टी झाल्यासारखी वाटत नाही, ते शेमशकला. तिथे दरी अरुंद, उतार अंगावर येणारा आणि त्यावर कमरेएवढे बर्फाचे उंचवटे. बाबांना कुठे न्यायचे, हा प्रश्न तिला पडलाच नव्हता.

"इथे आपटायला काहीच नाही, बाबा," ती म्हणाली. "झाड नाही, खडक नाही. दोन्ही बाजूंना नुसतं मोकळं आहे."

"तेच म्हणतोय मी. पायाला काही लागतच नाही. चाललोय की उभा आहे, वळलोय की सरळ आहे, काही समजत नाही. तुझा आवाज वारा घेऊन जातो." त्यांनी हातमोज्याने बर्फ चाचपला. "मला शेमशकला ने."

"तिथे डोळसांचे पाय मोडतात."

"माझे पाय शाबूत आहेत. बिघडलंय ते वर."

"बाबा, चेष्टा नको. आईला काय सांगू मी?"

"सांग, दिवस अजून संपला नाही."

त्या वर्षी दिझीन आणि शेमशकच्या मधली खिंड बर्फातून लवकर मोकळी झाली होती. अर्ध्या-पाऊण तासात गाडी पलीकडे उतरू लागली. तेहरानचा रस्ता शेमशकमधूनच पुढे जात होता. न थांबता सरळ निघून जावे, असे सामीनच्या मनात येऊन गेले.

"हळू कर," मागच्या सीटवर पाव-पनीर खात बसलेले कयूमर्स म्हणाले. "हे वळण संपलं की डावीकडे."

तारेवरून उतारावर नेणाऱ्या खुर्च्यांपाशी मश सफर उभा होता. तीस वर्षे तो तिथेच लोकांना खुर्चीत बसवत आला होता. त्याने जाकिटावरची अक्षरे वाचली, मग कयूमर्सचा चेहरा निरखला आणि त्यांचा दंड धरला.

"हे काय लिहून आणलंस? डोळे होते तेव्हा तरी कुठे बघून उतरायचास?"

"बघितलं असतं तर रोज तुझं थोबाड दिसलं असतं," कयूमर्स म्हणाले.

मश सफरने खुर्ची थांबवली, त्यांना जपून बसवले आणि सामीनकडे एकदा काळजीने पाहिले.

पहिल्याच उंचवट्यावर कयूमर्स पडले. दुसऱ्यावर पुन्हा पडले, आणि या वेळी ओठ फुटला. सामीनने त्यांना उठवले, स्की पायात बसवून दिल्या.

"पुरे, बाबा. मी खालून माणूस बोलावते."

"पुढे हो," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता.

ती पुढे झाली. कयूमर्सनी गुडघे अधिक वाकवले. तिसरा उंचवटा त्यांच्या गुडघ्यांनी झेलला. सामीन ओरडत होती, "डावीकडे. आता उजवीकडे. थांबा, मोठा आहे." दरीच्या भिंतीवरून तिचा आवाज परत येत होता आणि त्याच्या मागोमाग स्कीच्या कडांची करकर. चौथा झाला, पाचवा झाला. सहाव्याला ती "डावीकडे" म्हणाली तोवर कयूमर्स उजव्या अंगाने निघून गेले होते. तिने वळून पाहिले. खोलगट वाट उजवीकडेच होती.

पुढे ती काही ना काही सांगतच राहिली, पण प्रत्येक सूचना अर्धा क्षण उशिरा पोचत होती. ज्या उंचवट्याबद्दल ती बोलत असे, तो त्यांच्या मागे पडलेला असे.

तिच्यापासून हातभर अंतरावर येऊन कयूमर्स थांबले. श्वास फुलला होता, ओठावरचे रक्त गोठले होते. खाली उतार अजून बराच उरला होता.

"सामीन," ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "तू फक्त माणसं आडवी आली तर सांग. उतार मला दिसतोय."