नळी निघेपर्यंत

स्तनाच्या कॅन्सरनंतर माझ्या छातीत इम्प्लांट बसवलं, तेव्हा वर्षभर वेगळा राहणारा नवरा बॅग घेऊन आला. "काखेखालची नळी निघेपर्यंत थांबतो," एवढंच म्हणाला.

संसारात कधी चहाचा कप न विसळलेला हा माणूस सकाळ-संध्याकाळ नळीच्या टोकाचा फुगा उघडून त्यात जखमेतून येऊन साठलेलं लालसर पाणी मोजून ओतायचा. छाती बधिर होती, आणि मीही. भांडायचंसुद्धा सुचत नव्हतं.

आज फुगा त्याच्या हातात असतानाच डॉक्टरांचा फोन आला. "पाणी यायचं थांबलं असेल, तर उद्या नळी काढून टाकू."

फुगा कालपासून कोरडाच होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे बघत राहिले.

 

"नाही डॉक्टर," तो म्हणाला, "अजून बरंच येतंय."