माहेरचं नाव

“पॉलिसी हिच्या नावावर काढ,” केसरीनाथ म्हणाला. “मैना केसरीनाथ भोईर. नीट लिव.”

विमा एजंट प्रितेशचं पेन थांबलं. “काका, कमावता तुम्ही. मोठा आजार निघाला की हे पैसे मिळतात, ते घर चालावं म्हणून. लाइटबिल, किराणा, पोरीची फी. तुम्हीच पडलात तर?”

“मी पडलो तर ही सांभाळील. ही पडली तर माझ्यानं चहापन व्हनार न्हाय.”

सासू जानकीबाई दारातून म्हणाली, “अख्ख्या राहनाळात बायकोवर विमा काढनारा माझाच सोन्या!”

मैना हसली, पण तिला भरून आलं. दापोड्याच्या गोडाऊनमध्ये राबणारा हा माणूस एरवी दोन शब्द गोड बोलत नसे.

“काकींना आधी काही आजार? तपासण्या?”

मैनाने तोंड उघडलं.

“न्हाय,” केसरीनाथ म्हणाला.

तिलाही ते पटलं. गणपतीनंतर छातीतल्या गाठीसाठी त्यानेच तिला ठाण्याला नेलं होतं. सुई टोचून तपासलं. रिपोर्ट तो एकटाच जाऊन घेऊन आला. चरबीची साधी गाठ, म्हणाला. रद्दीत टाकून मोकळा झाला. मैनाने मात्र तो कागद हळूच उचलून साड्यांच्या घडीत जपला. कारण तिथल्या नर्सने “तुळजा काळूराम!” अशी हाक मारली होती आणि ती आपल्यालाच आहे हे तिला कळलंच नव्हतं. लग्नात मैना झाल्यापासून ते नाव घरात कुणी घेतलं नव्हतं; आता ते या कागदावर होतं.

“माहेरचं नाव लिवलं,” केसरीनाथ तेव्हा म्हणाला होता. “तुला बरं वाटंल.”

“तीन महिन्यांच्या आत काही निघालं तर पैसे नाहीत हां,” प्रितेशने बजावलं.

“कधीच न निघो,” केसरीनाथ म्हणाला आणि देवाला हात जोडले.

दिवाळी गेली. गाठ ठणकू लागली. “चरबी हाय, शेकली की जाईल,” म्हणत त्याने तिला गणेशपुरीच्या गरम कुंडांवर नेऊन आणलं. संक्रांतीनंतर तोच म्हणाला, “चल, आता मोठ्या डॉक्टरला दाखवू.”

या वेळी कल्याणला.

“आधी कुठे तपासलं होतं?” डॉक्टरांनी विचारलं.

“न्हाय,” केसरीनाथ म्हणाला.

मैनाने त्याच्याकडे पाहिलं.

कॅन्सर निघाला. फुप्फुसापर्यंत गेलेला. “तीन-चार महिने आधी आला असतात तर...” डॉक्टर म्हणाले. केसरीनाथ तिथेच ढसाढसा रडला.

घरी आल्यावर तो प्रितेशला फोन करायला ओटीवर गेला. मैनाने साड्यांतून तो कागद काढला. सगळं इंग्रजीत. तिने क्षितिजाला हाक मारली. पोरगी सातवीत होती, इंग्रजी शाळेत.

“काय लिवलंय, बघ गो.”

क्षितिजाने ओळीवर बोट फिरवलं. मग मान वर केली.

“आई, ही तुळजा कोण? हिलापण कॅन्सरच झालाय.”