मधले तीन दिवे

गॅरेजच्या आवारात उभ्या केलेल्या लांबलचक ट्रेलरपाशी रोज दिवेलागणीला मोटरसायकलचा आवाज यायचा, जवळ यायचा आणि ट्रेलरच्या कुशीवर धाडकन आदळायचा. धावत जाऊन पाहावं, तर तिथे चिटपाखरूही नसायचं.

"पत्रा वाजतो," मालकांचं ठरलेलं उत्तर.

गॅरेजच्या वायरमन ताईने ट्रेलरच्या बाजूला पुढच्या आणि मागच्या टोकाला पिवळे दिवे लावले. त्या संध्याकाळीही आवाज आदळलाच, नेमका मधोमध.

"चुकलंच माझं," ताई म्हणाली. "मधे अंधार असला, की येणाऱ्याला दोन वेगळ्या गाड्या वाटतात. तो मधून वाट काढायला जातो. दर तीन मीटरवर दिवा हवाच."

"बाजूने बघतंय कोण?" मालक करवादले. ताईने हट्टाने मधे आणखी तीन दिवे बसवले.

दुसऱ्या दिवशी पाच दिव्यांची ओळ उजळली. आवाज आला. करकचून ब्रेक लागला. मग शांतता.

"जिंकलो!" ताई ओरडली. फाटकात जमलेल्या मेकॅनिकांनी शिट्ट्या मारल्या, मालकही खदखदून हसले.

तेवढ्यात इंजिन पुन्हा सुरू झालं, दिव्यांच्या कडेकडेने ट्रेलरला वळसा घालून फाटकाशी येऊन थांबलं. दोनदा हॉर्न वाजला.

समोर कोणीच नव्हतं. तरी सगळे मुकाट्याने बाजूला सरले. सगळ्यांत आधी मालक.