इंजिनाची आग
कारखान्यातले नांगर बाजारात आल्यापासून नंदुरबारच्या निजाम लोहाराच्या भट्टीला काम उरलं नव्हतं. रेल्वेच्या इंजिनात कोळसा टाकणारा फायरमन व्हायला तो दोनदा गेला, दोनदा परतला. या खेपेलाही एका जागेसाठी फलाटावर दांडग्या गड्यांची रांग होती. ड्रायव्हर एकेकाला इंजिनावर चढवी, आगीचं दार उघडी आणि विचारी, “भ्याव वाटस का?” सगळे छाती काढून ‘नाही’ म्हणत. निजामही दोन्ही वेळा आत न बघताच तसंच म्हणाला होता. आज त्यानं आत पाहिलं. घोकलेलं उत्तर जिभेवरच विरलं. “वाटस, उस्ताद,” तो म्हणाला. “मन्ही भट्टी मी फुकस तवय पेटस. हाई ते सोताच श्वास ली ऱ्हायनी.” ड्रायव्हरनं फावडं त्याच्या हाती दिलं. “मंग इले तूच खाऊ घाल.” निजामनं कोळसा टाकला. शिट्टी झाली, आणि माणसांनी भरलेले सगळे डबे त्याच्यामागं हलले.