उसनं खमीर

“परत खमीर?” बोतिरनं दार जेमतेम हातभर उघडलं. “कालच तर शेजारीण घेऊन गेली!”

“तिचं तिच्यापाशी. माझं मेलं पुन्हा बिघडलं,” मस्तुरा आपानं वाटी पुढे केली. “आता तूच मळून देतोस का?”

बोतिर चरफडत बाजूला झाला. नान फुगवायचं खमीर मागणाऱ्याला दारातून परत धाडायची उझबेकांच्या मर्गिलान गावात कुणाची छाती नाही; त्या घरचा तंदूर रुसतो म्हणतात. आणि ते घ्यायचं घरातल्या थोरल्या बाईच्या हातूनच.

थोरल्या म्हणजे ओयनिसा आजी. पुतण्या बोतिर त्यांचं घर आपल्या नावावर करून मागत होता. ‘आजारी आहे, कुणाला भेटत नाही,’ असं सांगून त्यानं त्यांना महिनाभर कोंडलं होतं. म्हणून गल्लीतल्या बायकांनी पाळी लावली होती : रोज एकीनं वाटी घेऊन जायचं, आजींना डोळ्यांनी बघून यायचं. मस्तुराच्या घरचं खमीर मडक्याबाहेर उतू जात होतं. आजींकडून आणलेलं ती शेळीला घाली. बाकीच्याही तेच करत.

आजींच्या मनगटावर काळानिळा वळ होता. मेजावर घराचे कागद, शेजारी अंगठ्याच्या शाईची डबी.

“उद्या कारकून येतोय,” आजी हळूच म्हणाल्या. चहाची किटली खाली ठेवून त्यांनी वाटी दिली. मस्तुराच्या हाताला चटका बसला, पण तिचं लक्ष त्या वळाकडेच होतं.

“बिघडलं तर ये हो,” आजी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात तेवीस वाट्या उभ्या होत्या. सगळ्यांत पुढे मोहल्ल्याचे म्हातारे प्रमुख, अक्सकाल एर्गश, तेही वाटी घेऊन!

“तुम्हीसुद्धा?” बोतिर किंचाळला.

“म्हातारपणी नान भाजायची हौस आली, बाळा. सरक.”

अंगण भरलं. सगळ्यांसमोर अक्सकालांनी विचारलं, “ओयनिसा, अंगठा द्यायचाय?”

“मुळीच नाही!”

कारकून आल्या पावली परतला. अक्सकालांनी दाराची बाहेरची कडी उपटून बोतिरच्या हातात दिली. “ही तेवढी तुझी. घेऊन जा.”

दुपारी अंगणात पुलाव शिजला, डफ वाजला. दोन घास खाऊन मस्तुरा आजींच्या पायांशी बसली.

“आजी, माफ करा. आम्ही खोटं बोललो. आमचं खमीर कधीच बिघडलं नव्हतं. तुमचं तर आम्ही वापरलंच नाही.”

आजी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या.

“म्हणून कुणाला कळलं नाही होय! अगं, मी रोज त्यात किटलीतलं उकळतं पाणी ओतून ते मारूनच देत होते. तुमचे नान फुगले असते, तर दुसऱ्या दिवशी माझ्याकडे कोण आलं असतं?”